आणि आत्या आणील...

वहिनी, तुला देवनागरी वाचता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "बोलायला येतं ना मराठी, मग पुरे. वाचायला तमिळ आहे," म्हणायचीस. म्हणून हे मी मोठ्यानं वाचत वाचत लिहिते आहे. सेंटरमधल्या पोरी घरी गेल्या आहेत, दार लोटलेलं आहे. गल्लीतून जाणाऱ्याला वाटत असेल, कमलाबाईचं डोकं फिरलं, कंप्युटरशी बोलत बसली आहे. वाटू दे. तुझ्याशी बोलायचं तर याच खोलीत बोलायला हवं. स्वयंपाकघरात तू मला कधी बोलू दिलं नाहीस.

काल तुझा तेरावा झाला. माणसं पोटभर जेवली. उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी छान झाली होती, पण तुझ्या हातची नव्हे ती. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. नणंदेनं वहिनीच्या हाताची स्तुती करायची म्हणजे घराण्याचा कायदा मोडायचा! आता म्हणते. तुझ्यासारखी पच्चडी कुंभकोणमपासून तंजावूरपर्यंत कोणाला जमली नाही.

लोक तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलले. एक म्हातारे म्हणाले, "फार शांत बाई." मी मान खाली घालून हसले, आणि त्यांना वाटलं रडते आहे. शांत! टाइपरायटरांच्या खडखडाटावर आवाज चढवून "बोटं बघू नको, कागद बघ!" असं ओरडण्यात तुझी उमर गेली. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत पत्ता सांगावा लागत नसे. तुझा आवाज आला की टाइपिंग इन्स्टिट्यूट आली.

मग जिकडे तिकडे कंप्युटर येणार, कंप्युटर येणार अशी हाकाटी सुरू झाली. टाइपिंगच्या पोरी दारात उभ्या राहून विचारायच्या, "अक्का, इथं कंप्युटर शिकवतात का?" मी तिरुच्चीला जाऊन डिप्लोमा करून आले, तू दोन म्हाताऱ्या टाइपरायटरांना कोपऱ्यात सरकवलंस, आणि आपला पहिला कंप्युटर आला. तू त्याला ओवाळलंस. त्याला गारवा लागतो म्हणून एसी बसवला तर तू दुपारची चटई त्याच खोलीत आणलीस. "त्याला ऊन सोसत नाही, मला सोसतं होय?" म्हणालीस आणि घोरायला लागलीस. दोन विद्यार्थिनी पाय न वाजवता तुला ओलांडून बसल्या.

त्या यंत्राला माइक जोडला तेव्हाची गंमत तुला आठवते ना? आठवत असणार, तूच ती सगळ्यांना सांगायचीस. मी आईला खुर्चीवर बसवलं. माझी आई, तुझी सासू, तोंडात दात नाहीत पण गळ्यात अख्खी माजघरं भरलेली. लग्नातली गाणी, न्हाणाची गाणी, पाळणे. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच मिनिट रेकॉर्ड व्हायचं. आई रंगात यायची आणि मी ओरडायचे, "थांब आई, मिनिट झालं!"

"गाण्याला घड्याळ असतं का गे?" आई विचारायची.

"कंप्युटरच्या गाण्याला असतं."

"मग त्याला म्हणावं तूच म्हण!"

तू तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला होतास. मिनिट भरलं की हात दाबायचा, नवी फाइल उघडली की सोडायचा. आणि मी? मी पडद्यावरची हिरवी रेघ बघत होते. आवाज चढला की रेघ फुगायची, त्याचंच मला भारी कौतुक. तुकड्या-तुकड्यांनी आईची गाणी त्या डिस्कमध्ये जाऊन बसली. पुढच्या पोंगलच्या आधी आई गेली. तिचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या टेबलाखालच्या त्या पत्र्याच्या डब्यात.

आणि डबा आजारी पडला.

आधी तो मंद झाला. फाइल उघडायला सांगितली की वाळूचं घड्याळ दाखवून बसून राहायचा. मी म्हटलं, फार भरलाय. मग सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की सुरू व्हायचा नाही, दुसऱ्यांदा व्हायचा. मी म्हटलं, करंट कमी येतोय. मग एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली. तू म्हणालीस, "नवरामुलगाच पळाला!" मी म्हटलं, व्हायरस. अन् एके दिवशी तू स्वयंपाकघरातून पळीसकट धावत आलीस.

"कमळे, आत कोण टकटक करतंय?"

"कोणी नाही. फॅन आहे."

"फॅन असा नाही वाजत. टक, टक, मग गप्प. मग परत टक. कोणीतरी दार वाजवतंय आणि आतून कोणी उघडत नाही असं वाजतंय ते."

मी कान लावला. डिप्लोमाच्या वर्गात सरांनी एक खराब झालेली डिस्क मुद्दाम लावून ऐकवली होती. हाच आवाज. डिस्कचं डोकं आपली जागा शोधतं, त्याला सापडत नाही, परत मागे जाऊन सुरुवात करतं. मंदपणा, दुसऱ्यांदा दाबावं लागणारं बटण, ते चौकोन, सगळं एकदम एका ओळीत उभं राहिलं. हा व्हायरस नव्हता. डिस्क मरायला टेकली होती.

आणि नेमकी त्या दिवशी आयुधपूजा! काय वेळ साधली होती मेल्यानं!

आपल्या गावात त्या दिवशी लोहारापासून बसड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची हत्यारं पूजेला बसतात. गंध-कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी पुनःपूजा होईतो हात लावायचा नाही. तू टाइपरायटरांना चंदन लावलं होतंस, की-बोर्डवर झेंडूची फुलं ठेवली होतीस, आणि कंप्युटर मुद्दाम चालू ठेवला होतास. "झोपलेल्याची पूजा कशी करायची?" हे तुझं म्हणणं. मग सांब्राणीचं धुपाटणं घेऊन धूर खोलीभर फिरवलास, आणि कंप्युटरला जास्त प्रेमानं, अगदी मागच्या पंख्याजवळ नेऊन. पंख्यानं तो सगळा आत ओढून घेतला. अशी चूक करायला आपल्याच घरात जन्माला यावं लागतं!

मी किंचाळले. "धूर नको! पुस्तकात चित्र आहे! त्या डोक्याच्या आणि तबकडीच्या मध्ये इतकी बारीक फट असते की धुराचा कणसुद्धा तिथं धोंड्यासारखा!"

"मग त्या डोक्यानं इतकं खाली वाकून बसायचंच कशाला?" तू म्हणालीस.

वहिनी, यावर आपण किती वर्षं भांडलो! तुझ्या धुरानं मारलं, हा माझा पक्ष. माझ्या विद्यार्थ्यांनी दिवसभर खेळ खेळून मारलं, हा तुझा. आता कबूल करायला हरकत नाही, डिस्कला गाळणी असते, धूर सहजासहजी आत जात नाही. पण हे मी मुद्दाम सांगितलं नाही. भांडण छान चाललं होतं.

त्या सकाळी मात्र मला रडू फुटत होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पूर्ण डिस्क तपासायचा प्रोग्रॅम लावते. तू वाटेत उभी राहिलीस. "आज हत्याराला हात नाही."

"वहिनी, आई आहे त्यात!"

"म्हणूनच नाही म्हणते. आजारी माणसाला कोणी तपासायला म्हणून गल्लीभर पळवतं का? निजू दे त्याला."

"आज बंद केला तर उद्या उठणारच नाही कदाचित!"

"उठेल. आणि नाही उठला तर माझ्यावर घाल," म्हणालीस, स्वतःच्या हातानं बटण बंद केलंस, आणि त्यावर जरीचं पांघरूण घातलंस. दुपारी तू दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलास तो इतक्या जोरानं, की शेजारच्यांच्या पायरीपर्यंत बिया उडाल्या. दृष्ट काढत होतीस की राग, देव जाणे.

पूजेच्या सुंदलची, परतलेल्या हरभऱ्यांची, वाटी मांडीवर घेऊन मी दिवसभर पुस्तकं उलथीपालथी केली, आणि चिडचिड होत होत मला कळलं की तू म्हणालीस तेच बरोबर होतं. टकटक ऐकली की आधी थांबावं. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नये. तपासणीचे प्रोग्रॅम लावू नयेत, ते सगळी डिस्क घासून काढतात. ती जेवढा वेळ चालेल तेवढ्यात जे सगळ्यांत मोलाचं असेल ते आधी बाहेर काढावं, आणि बाकीचं सोडून द्यावं. आता प्रश्न एवढाच होता की मोलाचं कोणतं. माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं.

दुसऱ्या दिवशी पुनःपूजा उरकली. तू मला कापूर घ्यायला लावलंस, मग म्हणालीस, "दाब." मी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गुरगुरला, थांबला, आणि उठला! तू पदरानं डोळे टिपलेस आणि लगेच म्हणालीस, "पाहिलंस? सरस्वती." मी म्हटलं, "गारवा. तापला होता, निवला." हेही भांडण अजून बाकी आहे.

कॅबिनेट उघडं टाकलं, टेबलफॅन त्याच्यावर रोखला, कोऱ्या फ्लॉप्यांची डबी मांडीवर घेतली. आणि दारात सेल्वी.

ओरत्तनाडुहून पहिल्या बसनं आलेली. तिथल्या जुन्या छत्रावर, राजांनी बांधलेल्या धर्मशाळेवर, तिनं एम.फिल.चा प्रबंध लिहिला होता आणि तो आपल्याकडे टाइप केला होता. त्याच दिवशी छापून घेऊन जायची होती, दुसऱ्या दिवशी कॉलेजात द्यायचा होता. कच्चे कागद तिच्या घरी बंबात गेले होते, कारण "टाइप झालंय ना, आता कशाला ठेवायचे?" आईचा आवाज आणि सेल्वीचा प्रबंध, दोघं त्या एकाच मरत्या डब्यात. तिला सांगितल्यावर ती पायरीवरच बसली.

मी म्हटलं, "आधी आई."

तू म्हणालीस, "आधी ही."

"वहिनी, तुझी सासू होती ती, माझी आई होती!" बोलून गेले. तू शांतपणे माझ्याकडे पाहिलंस. तेवढं एकदाच तू शांत होतीस, ते म्हातारे बरोबर म्हणाले म्हणायचे.

"आईंच्या दारातून कधी कोणी उपाशी गेलं का गे?" तू विचारलंस. "दारात पाहुणा असताना त्या आधी स्वतःचं पान मांडून घेतील का? आपली आई आपल्या कानात आहे. या पोरीचं जगात दुसरं कुठंच काही नाही."

मी सेल्वीची फ्लॉपी आत घातली.

काय दिवस होता तो! एकेक प्रकरण येताना डिस्क कण्हायची. पडद्यावर चूक आली की तू माझ्या खांद्यावरून ओरडायचीस, "रिट्राय! रिट्राय दे!" तुला त्या इंग्रजी ओळीतला तेवढा एकच शब्द आवडला होता. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा कॅबिनेटवर तुझा हात. एखादी फाइल दोनदा अडली की म्हणायचीस, "रुसलेल्याला सोड गे. जे यायला तयार आहेत त्यांना आधी घे, त्याची समजूत मागून काढू." वहिनी, हे कुठल्याही पुस्तकात याहून चांगलं लिहिलेलं मला आढळलं नाही. मी आजही पोरींना असंच शिकवते.

सेल्वीचं सगळं आलं. मग आई यायला लागली. लग्नाची गाणी आली, न्हाणाची आली. एकेका फ्लॉपीवर दोन दोन तुकडे, गोंधळ नको म्हणून प्रत्येकीवर तू तमिळमध्ये खूण केलीस. शेवटी पाळण्याचा पहिला तुकडा आला. दुसरा अडला. रिट्राय. पुन्हा रिट्राय. मग टक, टक, आणि आतलं फिरणं हळू हळू बारीक होत थांबलं. पुन्हा उठलं नाही ते.

मी ढसाढसा रडले. तुला काय काय बोलले. सेल्वीला आधी घेतलं नसतं तर तेवढा तुकडा आला असता, हे मी तुला पुढे अनेकदा ऐकवलं. तू कधी नाही म्हणाली नाहीस, आणि कधी पस्तावलीही नाहीस. तो विषय आपण तिथंच ठेवून दिला.

संध्याकाळी सेंटरमधल्या दुसऱ्या, नव्या यंत्रावर फ्लॉपी घालून मी तो पाळणा लावला. आईचा बोळका, गोड आवाज आला.

हळू हल गे झोळी, वारा गार,
मामा आणील मोत्यांचा हार,
काका आणील साखरपोळी,
आजी आणील रेशमी चोळी,
आणि आत्या आणील...

आणि बंद. मिनिट संपलेलं. आत्या काय आणील ते मेलेल्या डिस्कमध्ये राहिलं. मी पुन्हा रडणार, इतक्यात स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला, सुरात, अगदी आईच्या चालीवर.

"आत्या आणील रिकामी झोळी!"

तुझी पोरं, रघू आणि विद्या, फिसकन हसली. त्या घरातली आत्या मीच ना! मी डोळे पुसत धावत आले तुला मारायला, आणि तू डोश्याचं उलथनं ढालीसारखं धरलंस. त्या घटकेला मी तुझ्यावरचा सगळा राग विसरले. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. फ्लॉपीवरून तो पाळणा नव्या डिस्कवर गेला, मग सीडीवर. जिथं म्हणून लागला तिथं "आणि आत्या आणील" आलं की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळायच्या, आणि तू काही तरी नवं काढायचीस. व्हायरसची गोळी. करपलेली पोळी. मी चिडून म्हणायचे, आईचं खरं होतं "आत्या आणील चांदण्याची थाळी", मला पक्कं आठवतं. तू म्हणायचीस, "तुला काय आठवणार? तू रेघ बघत होतीस. मी हात धरला होता." मग खरं काय ते सांग, म्हटलं की तोंडाला कुलूप.

आणि त्या दिवसापासून तुला प्रतींचं वेड लागलं. दर शुक्रवारी दिवा लागला की सगळ्याची कॉपी निघायची. गिऱ्हाइकाला काम देताना तू वर एक फ्लॉपी द्यायचीस आणि दम भरायचीस, "एकच आहे म्हणजे नाहीच असं धर." सेल्वी परवा आली होती. कॉलेजात शिकवते आता. म्हणाली, "अक्का, माझ्या मुलाच्या जन्मदाखल्याच्यासुद्धा तीन प्रती आहेत. मोठ्या अक्कांची अजून भीती वाटते." असं म्हणून ती रडली, मग मी रडले, मग दोघी हसलो.

मेलेली डिस्क तू टाकू दिली नाहीस. मी स्क्रू काढून उघडली तर आत आरशासारखी लखलखीत तबकडी. "अय्यो, इतकी सुंदर होती का ही?" म्हणालीस आणि तिच्यात बघून कुंकू लावलंस. मग रोजच. ती तुझ्या कुंकवाच्या कोयरीशेजारी अजून आहे. एका कडेला तुझं बोट लागलेलं दिसतं. मी पुसलेलं नाही.

गेल्या वर्षी तू उठताना थांबायला लागलीस. "कमळे, माझं आता बटण दोनदा दाबावं लागतं," म्हणालीस. मी हसले नाही, तुला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी करायचं ते सगळं केलं, आणि तुझं वर्षभर चांगलं चाललं. नातीचं तोंड पाहिलंस, रघूची मुलगी, तिला तुझ्याच जुन्या साडीच्या झोळीत निजवलंस. शेवटी दवाखान्यात त्या टिकटिकणाऱ्या मशीनकडे मान करून मला विचारलंस, "आवाज बरोबर आहे ना याचा?" मी म्हटलं, बरोबर आहे. मग मी तुला शेवटचं विचारलं. वहिनी, आता तरी सांग, आई काय म्हणाली होती?

तू हसलीस. "सांगितलं की संपलं. मग त्या जागी कोण बोलेल?"

मला ते काल कळलं. तेराव्याची माणसं गेल्यावर पोरगी झोळीत रडायला लागली, रघूनं सवयीनं सीडी लावली. आईचा आवाज आला. हार, साखरपोळी, रेशमी चोळी. मी स्वयंपाकघरात तुझ्या जागी उभी होते, हातात तुझं उलथनं. "आणि आत्या आणील..." आणि बंद. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या, तुझ्याकडे, आणि तिथं तू नव्हतीस. पोरगीसुद्धा रडायची थांबली.

मग माझं लक्ष विद्याकडे गेलं. झोळीशेजारी ती बसली होती, डोळे सुजलेले, बेंगळूरहून रोज तासभर फोन करणारी, मराठी कळते पण बोलताना अडखळणारी आपली विद्या. आणि मला उमगलं की या झोळीची आत्या मी नव्हे, ती आहे. मी आता तुझ्या जागी आहे.

तुला ठाऊक आहे, मला सूर नाही. तरी गायले, घसा फाडून, आईच्या चालीवर.

"आत्या आणील फोन-बिलाची मोळी!"

विद्यानं झटक्यात मान वर केली. "अत्ते!" ओरडली, हसत रडत उठली, आणि मला मारायला स्वयंपाकघरात धावली. मी उलथनं ढालीसारखं धरलं.